जमिनीचा कागद आणि कॉलेजची सीट

(जून २००६ मध्ये बोरिवली येथे भरलेल्या पाडा प्रतिनिधींच्या शिबिरात युवक गटाच्या वतीने केलेले भाषण. बोलले तसे उतरवून घेतले आहे. स्टेन्सिल वाचवण्यासाठी मधले काही आटोपले आहे.)



बोरिवलीच्या पार्कातले पाडे, आरेचे पाडे, मुलुंड-भांडुपच्या डोंगरावरचे पाडे, येऊर, आणि तिकडे डहाणू-जव्हारहून आलेले पाहुणे, सगळे इथे बसलेत. सकाळपासून जमिनीवर बोलणं चाललंय. आम्हा पोरांना सांगितलं की तुम्ही आरक्षणावर बोला, कारण पेपरात तेच चाललंय. काही जण म्हणाले, जमिनीच्या शिबिरात आरक्षण कशाला? तो कॉलेजवाल्यांचा विषय. आम्ही दोन रात्री बसून विचार केला. आमचं म्हणणं असं झालं की हा विषय वेगळा नाहीच. ते कसं, ते सांगतो. लांबलं तर कोणीतरी हात वर करा.

मे महिन्यात काय झालं ते आधी बघू. केंद्र सरकारने सांगितलं की आय.आय.टी., दिल्लीचं एम्स अशा केंद्राच्या मोठ्या कॉलेजांत ओबीसींना २७ टक्के जागा ठेवू. त्यावर शहरातले मेडिकलचे विद्यार्थी आणि डॉक्टर रस्त्यावर आले. दिल्लीत आले, मुंबईतही आले. दवाखान्यात काम बंद. मुंबईत पोलिसांनी त्यांच्यावर लाठी चालवली. ती लाठी पडली म्हणून आपण हसायचं नाही. लाठी काय असते ते या शिबिरातल्या निम्म्या पाठींना माहीत आहे. महिनाअखेरीला सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर ते कामावर परतले.

पण त्या दिवसांतले फोटो आठवा. पांढरे कोट घालून काही जण रस्ता झाडत होते. काही जण बूट पॉलिश करत होते. म्हणजे काय सांगायचं होतं? आरक्षण आलं तर आमच्यावर ही पाळी येईल! अरे, पाळी कसली? आमच्या मावश्या पहाटे पाच वाजता पाडा सोडतात, कॉलनीत झाडू मारतात, भांडी घासतात, त्यावर आमची बारावी झाली. झाडू मारणं हे तुम्हाला शिक्षा वाटते, तर ज्यांनी पिढ्यान् पिढ्या तो मारला त्यांच्या पोरांनी एकदा कॉलेजात यावं यावर एवढा राग का? त्या फोटोत सगळं आलं. त्यांच्या पत्रकात जे नव्हतं तेही आलं.

आता दुसरी गोष्ट. त्याच महिन्यात, २३ मे ला, संसदेत आपल्या जंगल जमिनीच्या विधेयकावरचा अहवाल आला. किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती होती. सरकारने डिसेंबरात विधेयक मांडलं तेव्हा त्यात तारीख होती २५ ऑक्टोबर १९८०. त्यानंतर कसणारे बाद. समितीने सांगितलं, ती तारीख १३ डिसेंबर २००५ करा. केवढा मोठा फरक! देशभरातल्या जंगलातल्या माणसांच्या जगण्यामरण्याची गोष्ट. आम्ही त्या आठवड्यातले पेपर चहाच्या टपरीवर बसून चाळले. पहिल्या पानावर पांढरे कोट. आपला अहवाल शोधून काढावा लागला.

आणि जिथे आपल्याबद्दल छापलं, तिथे काय छापलं? जंगल वाचवा, आदिवासींना जमीन दिली तर जंगल संपेल. शेजारच्या पानावर, गुणवत्ता वाचवा, आरक्षण दिलं तर कॉलेजं संपतील. जंगलात आपण अतिक्रमणदार आणि कॉलेजात घुसखोर. मग आपण राहायचं तरी कुठे? हवेत?

आता थोडा हिशोब. काही साथींचा गोंधळ आहे की हे २७ टक्के आपल्यासाठी आहेत. नाहीत. ते ओबीसींसाठी आहेत. आपलं आरक्षण जुनं आहे, घटनेतून आलेलं आहे. केंद्राच्या कॉलेजांत आदिवासींना साडेसात टक्के, आपल्या राज्यात सात टक्के. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरात जवळजवळ नऊ माणसं आदिवासी, तरी सीट सातच. आणि ही काही दिल्लीने परवा काढलेली टूम नाही. आपल्याच महाराष्ट्रात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला कोल्हापूर संस्थानात मागासांना निम्म्या नोकऱ्या राखल्या. शंभर वर्षं होऊन गेली. तेव्हाही ओरडणारे होतेच.

मग ओबीसींच्या भांडणात आपण का पडायचं? हा प्रश्न परवा आरेच्या बैठकीत निघाला आणि तो खरा आहे. काही गावांत आपल्या जमिनीच्या बांधावर भांडायला येणारा माणूस ओबीसीच असतो, हे आम्ही लपवत नाही. ते भांडण तिथे होईल. पण रस्त्यावर ज्या घोषणा झाल्या त्या फक्त २७ टक्क्यांवर थांबल्या नाहीत. सगळंच आरक्षण काढा, असं बोललं गेलं. आज त्यांचं दार बंद झालं की उद्या आपल्या दाराला हात घालतील. म्हणून आपण त्यांच्या बाजूने उभं राहायचं. आमच्या गटात यावर मतभेद आहेत, पण बहुमत असं आहे.

गुणवत्तेचं एक बोलून टाकतो. पैशाचा कोटा असतो, त्याला कोणी कोटा म्हणत नाही. आपल्या राज्यात १९८३-८४ पासून खाजगी मेडिकल-इंजिनियरिंग कॉलेजं निघाली, देणगी घेऊन सीट देणारी. मागच्या वर्षी, १२ ऑगस्ट २००५ ला, सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की सरकारची मदत न घेणाऱ्या खाजगी कॉलेजांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. त्याच निकालात परदेशी राहणाऱ्यांच्या पोरांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा चालतील असं आलं. म्हणजे डॉलर असला की गुणवत्ता कमी पडत नाही. त्यानंतर घटनेत दुरुस्ती करावी लागली, म्हणून तर हे सगळं पेटलं. परदेशी कोट्याविरुद्ध कोणी पांढरा कोट घालून रस्ता झाडलेला आम्ही तरी पाहिला नाही.

आता घरचं बोलू. हे जास्त महत्त्वाचं.

समजा सगळं आरक्षण टिकलं. समजा पेपरवाले उद्या आपल्या बाजूने झाले. तरी आपल्या किती पोरांना ती सीट मिळणार? पवईला आय.आय.टी. आहे. विहार तलाव आणि पवई तलावाच्या मध्ये. आपल्या पाड्यावरून रात्री तिचे दिवे दिसतात. तिथे आदिवासींच्या जागा १९७३ पासून राखीव आहेत. तेहतीस वर्षं झाली. आम्ही जेवढ्या पाड्यांत फिरतो तिथे तिच्या आत शिकायला गेलेलं एकही पोर आम्हाला भेटलं नाही. माळीकाम करायला, बांधकामावर, मेसमध्ये भांड्यांना गेलेले भेटले.

का? एक कारण सगळ्यांना माहीत आहे. दहावीतच निम्मी गळतात. गणित-इंग्रजीला शिकवणारं कोणी नाही, क्लासची फी परवडत नाही, पावसात पाड्यावरून खाली उतरता येत नाही, पार्कात लाईट नाही. हे सांगून सांगून तोंड दुखलं. दुसरं कारण त्याच्या पुढचं आहे, आणि त्यासाठीच आम्ही उभे राहिलोत. जी पोरं दहावी-बारावी होतात ती दाखल्यापाशी अडतात.

या मंडपात एक मुलगी बसली आहे, नाव घेत नाही, लाजेल. बारावी सायन्स झाली. आमच्यापेक्षा शिकलेली! तिला पुढे जायला जातीचा दाखला हवा आणि त्यावर व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणी समितीचा कागद हवा. तिचा बाप तीनदा ऑफिसात गेला. कारकून विचारतो, १९५० च्या आधीचा पुरावा आणा. का १९५०? कारण ६ सप्टेंबर १९५० ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला, त्यात अनुसूचित जमातींची यादी आली. तेव्हा तुमचं घराणं या राज्यात होतं आणि त्या जमातीचं होतं हे दाखवा, असा नियम. २००१ पासून जो कायदा लागू आहे त्यात पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर टाकली आहे. सरकारने नाही शोधायचं, तुम्ही शोधायचं.

तिच्या आज्याचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? आजा शाळेत गेला असता तर मग आरक्षण कशाला लागलं असतं! जमिनीचा सातबारा आणा म्हणतात. सातबारा? ही जागा बघा. विहार तलाव झाला १८६० साली, तुळशी १८७९ साली. पाणी मुंबईला गेलं, डोंगर सरकारचा झाला. १९४९ साली दुधाच्या कॉलनीसाठी आरेची जमीन गेली. १९५८ साली पवईला आय.आय.टी. आली. १९७७ साली गोरेगावला फिल्म सिटी. उरलेलं पार्कात. प्रत्येक वेळी कागद झाला, नकाशा झाला, दगड पुरले. त्या कागदावर कॉलनीचं नाव, पार्कचं नाव, खात्याचं नाव. भात लावणाऱ्या वारल्याचं, मल्हार कोळ्याचं, कोकण्याचं नाव कोणत्या कागदावर आहे?

आणि ७ मे १९९७ च्या हायकोर्टाच्या आदेशानंतर पार्कात जी तोडफोड झाली त्यात आपले जुने पाडे आणि नंतर वसलेल्या झोपड्या एकाच मापाने मोजल्या गेल्या. मतदार यादीतलं नाव दाखवा, सात हजार भरा, मग पर्यायी जागा. जंगलाच्या आधीचा माणूस झोपडपट्टीवाला ठरला. ज्यांचं घर मोडलं त्यांची पत्र्याची पेटीही गेली. पेटीत काय असतं? एखादी दंडाची पावती, एखादं जुनं रेशन कार्ड. तेच आज कारकून मागतोय.

म्हणून आम्ही म्हणतो, जमिनीचा कागद आणि कॉलेजची सीट एकाच दोरीला बांधलीय. ज्याने जमीन लिहून घेतली त्यानेच दाखलाही नेला. जमिनीवरून आपलं नाव पुसलं गेलं तेव्हाच आजच्या मुलीची मेडिकलची सीट पुसली गेली. १९४९ ला कोणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

मग त्या सात टक्के सीट रिकाम्या राहतात का? सगळ्या नाही. काही भलतेच घेतात. बोगस आदिवासी. हा शब्द ठाणे-नाशिकपासून नागपूरपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. आपल्या जमातीच्या नावासारखं नाव, मधला एक शब्द लावायचा किंवा काढायचा, की झाला दाखला. मेडिकलच्या प्रवेशावरूनच निघालेल्या आपल्या राज्यातल्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २ सप्टेंबर १९९४ ला निकाल दिला. कोळी वेगळे आणि महादेव कोळी वेगळे, आणि दाखले तपासायला समिती पाहिजे, दक्षता पथक पाहिजे. चांगलं झालं. पण लगेच पुढच्या वर्षी, जून १९९५ ला, राज्य सरकारने जी.आर. काढून तोपर्यंत अशा दाखल्यांवर नोकरीला लागलेल्यांना अभय दिलं. नंतर २८ नोव्हेंबर २००० ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हलबा-कोष्टींच्या केसमध्ये सांगितलं की राष्ट्रपतींच्या यादीत कोर्टाने शब्द घालायचे नाहीत, कोष्टी हे हलबा जमातीत येत नाहीत. पण ज्याची केस होती तो तोवर डॉक्टर झाला होता. कोर्ट म्हणालं, त्याच्या शिक्षणावर सरकारचा पैसा खर्च झालाय, डिग्री राहू द्या. राहू द्या, बरं. पण त्या वर्षी ती एक सीट आपल्यातल्या कोणाची तरी होती. तो किंवा ती आज कुठे वीटभट्टीवर असेल.

इथे एक सांभाळून बोलायला पाहिजे. यादीत यायला धडपडणारा प्रत्येक माणूस चोर नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरला अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा गेला. चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली, त्यात बाया आणि पोरं होती. यादीत त्यांना घ्यायचं की नाही हा वेगळा विषय, पण गुरं राखणारी ती माणसं आपल्यासारखीच गरीब होती. आमचा राग गोवाऱ्यावर नाही. बंगल्यात राहून दाखला विकत घेणाऱ्यावर आहे.

आता गंमत बघा. बोगस पकडायला जी चाळणी लावली तीत आपलीच पोरं अडकतात. समितीपुढे विचारतात, तुमचा देव कोणता, लग्नात धवलेरी काय करते, मयताला काय करता, तारपा कधी वाजतो. बोगस माणूस पुस्तक वाचून, पाठ करून येतो. आपलं हायवेच्या कडेला वाढलेलं पोर गोंधळतं. आमच्यातल्या एकाला विचारलं, देवाचं नाव सांग. तो घाबरून गणपती म्हणाला! पाड्याच्या खालीच सार्वजनिक गणपती बसतो, त्याचं काय चुकलं? साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. पुढे त्या कागदाचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. त्याचा आजा बाहेर बाकड्यावर बसला होता, त्याला आत बोलावलं असतं तर हिरव्या देवापासून कणसरीपर्यंत सगळं सांगितलं असतं.

हाच मुद्दा आहे, आजाला आत बोलवा. जंगल जमिनीसाठी ठाण्या-धुळ्याच्या साथींनी वर्षानुवर्षं भांडून हे मिळवलंय. १० ऑक्टोबर २००२ च्या जी.आर. मध्ये गावपातळीवर चौकशी करायची, नुसता सरकारी कागद बघायचा नाही, जुन्या माणसांची साक्षही धरायची, असं आलं. जमिनीला जर म्हाताऱ्याचा शब्द चालतो तर जातीच्या दाखल्याला का चालत नाही? शेत कोणी कसलं हे जसं गावाला माहीत, तसं कोण कोणाच्या पोटचा, कोणाची बहीण कुठे दिली, हेही गावालाच माहीत. कारकुनाला काय माहीत? सगळा पाडा एकत्र बसून, उघड्यावर, नाव घेऊन सांगेल तर बोगसला उभं राहायला जागाच राहणार नाही. तो कारकुनापुढे खोटं बोलू शकतो. चाळीस म्हाताऱ्यांपुढे बोलून दाखवावं.

पण मुंबईतल्या पाड्यांची एक वेगळी अडचण आहे, आणि डहाणू-जव्हारच्या साथींनी ती समजून घ्यावी. तुमच्याकडे ग्रामपंचायत आहे, ग्रामसभा आहे, पेसा कायदा आहे. आमच्याकडे महापालिका. इथे ग्रामसभा नाहीच. वॉर्ड आहे, त्यात लाखभर माणसं, त्यात आमचा पाडा म्हणजे दाण्यात खडा. म्हणून आमची मागणी अशी की नवीन कायद्यात शहराच्या हद्दीतल्या पाड्यांनाही सभेचा हक्क स्पष्ट लिहा, आणि त्या पाडा सभेचा ठराव जमिनीला चालेल तसा दाखल्यालाही चालला पाहिजे. संघटनेच्या निवेदनात पहिल्या भागाबद्दल दोन ओळी आहेत, दुसऱ्याबद्दल काहीच नाही. दुसरा भाग घालावा असा ठराव आम्ही युवक गटाकडून मांडतो. आज मत घ्या.

आपल्या शिकलेल्यांबद्दलही बोलायचं होतं. आरक्षणावर साहेब झालेले, ठाण्यात फ्लॅट घेतलेले, पाड्याचं नाव विचारलं की तालुक्याचं नाव सांगणारे. मोखाड्या-जव्हारला डॉक्टर टिकत नाही म्हणून आपण शहरी डॉक्टरांना बोलतो. १९९२ ला वावर-वांगणीत पोरं मेली तेव्हाही बोललो. पण आपला डॉक्टर तरी किती जण परत आले? यावर मागच्या रांगेत आताच कुजबुज सुरू झाली. तो विषय रात्री जेवणानंतर घेऊ, इथे अर्धा तास पुरणार नाही.

आता काम सांगतो.

दाखला उद्या कायदा बदलल्यावर मिळेल. पण पोरांचे फॉर्म या महिन्यात आहेत. म्हणून आहे त्या नियमात पुरावा शोधायचा. एक लक्षात ठेवा, आपलं उपनगर आधी ठाणे जिल्ह्यात साष्टी तालुक्यात होतं. १९२० ला उपनगर जिल्हा झाला. मुंबईची हद्द १९५० ला जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली, १९५७ ला दहिसर-मुलुंडपर्यंत. मग १ ऑक्टोबर १९९० ला उपनगर जिल्हा परत वेगळा झाला. जिल्हा इतक्या वेळा बदलला की कागद एका जागी राहिले नाहीत. इथल्या ऑफिसात "रेकॉर्ड नाही" म्हटलं की परत फिरू नका. ठाण्याच्या रेकॉर्डमध्ये जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, कोतवाल बुक, मागा. त्यात जन्मलेल्या-मेलेल्याच्या नावापुढे जात लिहिलेली असते. आज्याची नसेल तर आज्याच्या भावाची, चुलत्याची शोधा. बापाकडची नाती हवीत, आईकडची चालत नाहीत. जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये घराण्यातलं एखादं नाव दोन वर्षं तरी गेलेलं असू शकतं. वनखात्याच्या दंडाच्या पावत्या, फाळ्याच्या पावत्या, काहीही फेकू नका. उंदराने कुरतडलेली पावतीसुद्धा आणा. नकलेसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं तर तोंडी हाकलतात. आता माहितीचा अधिकार आहे, गेल्या ऑक्टोबरपासून देशाला लागू झाला, तो वापरा. अर्ज लिहायला आम्ही बसू.

म्हाताऱ्या माणसांना विनंती आहे. तुमच्या बापाचं, आज्याचं नाव, कोणत्या पाड्यावरून कोणत्या पाड्यावर आला, कोणत्या वर्षी कोणता तलाव-रस्ता झाला तेव्हा तुम्ही केवढे होता, हे सगळं आम्ही वहीत उतरवून घेणार आहोत. एक वही जमिनीसाठी, तीच दाखल्यासाठी. दोन वह्या करायच्या नाहीत.

पुढच्या दोन रविवारी सकाळी दहाला, एकदा इथे, एकदा आरेमध्ये. येताना पेटी उघडून जे असेल ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणा, पावसाचे दिवस आहेत. झेरॉक्सचे पैसे संघटना देईल, मूळ कागद कोणाच्याही हातात सोडू नका, आमच्यासुद्धा. त्या बारावीच्या मुलीच्या बापाबरोबर सोमवारी ठाण्याला दोघं जण जाणार आहेत. कोतवाल बुकातलं मोडी वाचता येणारं कोणी असेल तर हात वर करा, आम्हाला तिसरा माणूस पाहिजे.